घड्याळाचे मुद्रितशोधन

गुरुवार, रात्री साडेनऊ

नवे स्मार्ट घड्याळ मनगटावर येऊन आज अकरा दिवस झाले. भाच्याने वाढदिवसाला दिले आणि रविवारी दुपारी सुरूही त्यानेच करून दिले. “मावशी, तुला देवनागरीच हवं असणार,” असे म्हणत भाषांच्या यादीत देवनागरी अक्षरांत दिसलेले पहिले नाव त्याने निवडले आणि तो मोकळा झाला. रविवारी तबकडीवर ‘रवि’ दिसले, सोमवारी ‘सोम’ दिसले, आणि मला काहीच खटकले नाही. मंगळवारी सकाळी चहा गाळताना मनगटाकडे लक्ष गेले तर तिथे ‘मंगल’ असे लिहिलेले. अठ्ठावीस वर्षे मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची प्रूफे, वाचणाऱ्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप लाल पेनाकडे जातो. माझा गाळणीसकट गेला.

भाषा हिंदी निवडली गेली होती. कचेरीत पोचल्यावर फोनवर ती बदलून मराठी केली आणि घड्याळाने ती मुकाट्याने उचलली. ‘मंगल’चे ‘मंगळ’ झाले, पण त्याहून मोठा आनंद शेजारच्या तारखेने दिला, कारण भाषा बदलताच तिचे आकडेही देवनागरी झाले. हा योगायोग नव्हे. संगणकीय व्यवस्थांमध्ये मराठीसाठी देवनागरी अंक मूळचेच धरलेले असतात, हिंदीसाठी मात्र आंतरराष्ट्रीय अंक. राज्यघटनेच्या ३४३व्या अनुच्छेदातही संघराज्याच्या कामकाजासाठी देवनागरी लिपीतील हिंदी सांगताना अंक मात्र आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे सांगितले आहेत. आपल्या पुस्तकांचे पृष्ठांक अजून देवनागरीत छापले जातात, ही साधी गोष्ट माझ्या मनगटापर्यंत पोचली याचे मला उगीचच बरे वाटले.

त्यानंतर मी तबकडीच्या मागे लागले. वडिलांचे एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ अजून कपाटात आहे. किल्लीचे, पांढऱ्या तबकडीवर बारा देवनागरी अंक असलेले. तशीच काट्यांची तबकडी शोधून, तिच्यावर देवनागरी अंक घेऊन, पार्श्वभूमी मी कागदासारखी पांढरी केली. दिसायला ती सुरेख होती. पण पडदा सतत उजळलेला ठेवायचा आणि वर तो पांढरा, यामुळे संध्याकाळी सातलाच घड्याळ चार्जिंग मागू लागले. भाच्याला फोन केला तेव्हा त्याने सांगितले की या प्रकारच्या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच्या उजेडाने पेटतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, त्यामुळे काळ्या तबकडीला वीज कमी लागते. काळ्या कागदावर पांढरी छपाई मला कधीच आवडली नाही, पण इथे शाईचा हिशेबच उलटा असल्यामुळे मी माघार घेतली.

तास, मिनिटे आणि सेकंद यांच्यापलीकडे घड्याळ जे जे दाखवते, त्याला घड्याळांच्या धंद्यात फार पूर्वीपासून ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात. शब्द नेमका आहे. हवामान, पावले, हृदयाचे ठोके, सूर्यास्त आणि बॅटरी अशा पाच गुंतागुंती माझ्या तबकडीवर आधीपासून मांडलेल्या होत्या आणि त्यांतील चार मी खोडल्या. उरलेल्या बॅटरीला कोपरा दिला, आणि वार व तारीख यांना तीनच्या आकड्याजवळ बसवले. निवडताना दिसणाऱ्या चित्रात काटे दहा वाजून दहा मिनिटांवर होते, जाहिरातींमधल्या घड्याळांत ते असतात तसेच, त्यामुळे सगळे मोकळे आणि नेटके भासले. प्रत्यक्षात सव्वातीनला दोन्ही काटे नेमके वारावर आडवे पडले, आणि तीच आमची तपासलेले फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या पानांचे गठ्ठे, छपाईला पाठवण्याची वेळ. मग वार आणि तारीख सहाच्या वर सरकवली. आता ती साडेसहाला झाकली जाते, पण तेव्हा मी भाजीची पिशवी सांभाळत बसमध्ये उभी असते आणि आज कोणता वार आहे याची मला गरज नसते.

कामाला खरा त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. मुद्रित वाचताना माझी पट्टी डाव्या हातात असते. ओळ संपली की हात जरासा वळतो आणि पट्टी खाली सरकते. घड्याळाला वाटे की मी त्याच्याकडे पाहते आहे, आणि दर ओळीला त्याचा पडदा डोळ्यांसमोर लख्ख होई. एका पानात चौतीस वेळा. ‘मनगट उचलताच जागे व्हा’ ही सोय बंद करून मी बोटाने टिचकी मारल्यावरच उजळण्याची केली. थरथरीची परवानगी फक्त येणाऱ्या फोनला ठेवली, निरोपांना नाही; कुटुंबाच्या गटातील सुप्रभात आता पर्समध्येच होते.

पावलांचे रोजचे उद्दिष्ट दहा हजार होते, ते सहा हजारांवर आणताना आधी थोडे अपराधी वाटले. पण हा आकडा वैद्यकातून नव्हे, तर १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या, नावातच दहा हजार पावले असलेल्या पाऊलमापकातून रूढ झाला, हे माहीत असल्यामुळे हात फार वेळ अडला नाही. दर तासाला उठून उभे राहण्याची आठवण मात्र काढायला गेले आणि ठेवली. कंबर माझी आहे.

आज गुरुवार. तबकडीवर ‘गुरु’ आहे, ऱ्हस्व. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे तत्सम शब्दाचा अंत्य उकार मराठीत दीर्घ, म्हणजे ‘गुरू’ हवे, आणि सकाळभर ते मला टोचत राहिले. दुपारी डबा खाताना मी स्वतःची समजूत घातली की हा ‘गुरू’ नव्हेच, ‘गुरुवार’चा संक्षेप आहे, आणि सामासिक शब्दात पूर्वपद ऱ्हस्वच राहते; म्हणजे ‘रवि’ आणि ‘शनि’ही सुटले. मनगट पुढे करून समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांना तसे सांगितले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तबकडी जवळून पाहिली आणि म्हणाले, “संक्षेप आहे तर बाई, पुढे टिंब कुठंय?”

रात्री जेवण उरकून सगळ्या सेटिंग पुन्हा एकदा उघडून पाहिल्या. टिंब देण्याची सोय कुठेही सापडली नाही.