वॉटर लिली अपडेट: गड्डे फोडून लावले, कळ्या आल्या

माझ्या पाँडमधल्या क्रोमाटेला या पिवळ्या वॉटर लिलीचा टब पार भरून गेला होता. पानं पाण्यावर पसरायची सोडून एकमेकांना रेटत वर हवेत उभी राहिलेली आणि फुलं त्यांच्याखाली दडलेली, असं दिसलं की ओळखायचं झाडाला जागा पुरत नाहीये. हार्डी, म्हणजे थंडी सोसणाऱ्या लिलीचं दर दोन-तीन वर्षांनी हे करावंच लागतं, म्हणून नवीन वाढ सुरू होतेय असं दिसताच टब बाहेर घेतला.

माती पाइपने धुतली तेव्हा कुठे गड्डा नीट दिसला. हार्डीचा गड्डा आल्यासारखा आडवा सरकत वाढतो, एका टोकाला कोवळी पानं गुंडाळलेला शेंडा आणि मागचं टोक जुनं, काळं पडलेलं. ते मागचं दाबून बघायचं, मऊ लागलं किंवा कुजका वास आला तर आतला घट्ट भाग लागेपर्यंत बिनधास्त कापायचं. मी शेंड्यासकट वीतभर तुकडे ठेवले, जुनी मुळं छाटली आणि मोठी पानंही काढली. पानं काढताना जीवावर येतं हे मान्य आहे पण ती ठेवली तर तरंगतात आणि अजून मुळं न धरलेल्या गड्ड्याला मातीतून वर खेचतात, त्यामुळे फक्त कोवळी बारकी पानं ठेवायची.

मातीबद्दल माझं मत पक्कं आहे, साधी जड चिकण बागेची माती आणि बाकी काही नाही. कोकोपीट तरंगतं, कंपोस्ट आणि शेणखत पाण्याखाली कुजतं आणि सगळं पाणी हिरवं होतं. टब उथळ आणि रुंद, तळाला भोक नसलेला. खताची गोळी मुळांच्या जवळ मातीत खोल दाबायची, वर राहिली तर शेवाळाचीच चंगळ.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेंडा. गड्डा टबाच्या कडेला टेकवून साधारण ४५ अंशात तिरका ठेवायचा, शेंड्याचं तोंड मधल्या मोकळ्या जागेकडे, म्हणजे त्याला सरकायला पूर्ण टब मिळतो. मागचा भाग मातीत दाबायचा पण शेंडा मातीच्या बाहेरच हवा. वरून बारीक खडीचा थर दिला तरी शेंड्याभोवती जागा मोकळी सोडायची. लिली नीट वाढत नाही अशी तक्रार असेल तर मी आधी शेंडा कुठे आहे ते बघते, खत-बित नंतर. ट्रॉपिकल म्हणजे उष्ण प्रदेशातल्या लिलीचं वेगळं, तिचा कंद गोलसर असतो, तो टबाच्या मधोमध उभा लावायचा.

टब पाण्यात सोडायच्या आधी माती पूर्ण भिजवून घेतली, नाहीतर आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते आणि माती उसकटते. खाली विटा रचून शेंड्यावर १०-१५ सेंटिमीटरच पाणी ठेवलं, तिथे ऊन आणि ऊब दोन्ही मिळतात. पानं वर येऊन पसरली की एकेक वीट काढायची. आता टब ३० सेंटिमीटरवर आहे, पुढे ४५ पर्यंत चालेल. ऊन दिवसाला निदान पाच-सहा तास, आणि कारंज्याचं पाणी पानांवर उडू देऊ नका, हिला संथ पाणीच आवडतं.

मध्ये पाणी हिरवं झालं होतं, मी बदललं नाही. नवीन पाण्यात पुन्हा तेच होतं. पानांनी अर्ध्याच्या वर पाणी झाकलं की शेवाळाला ऊन कमी पडतं आणि तसंच झालं, आता टबाची कड वरून दिसते. मावा ही बारीक कीड आली होती, कळ्यांच्या देठांवर काळपट थरच्या थर. मासे असलेल्या पाँडमध्ये औषध मारायचं नाही, पाइपच्या फवाऱ्याने मावा पाण्यात पाडला, माशांनी खाल्ला.

आणि फूल! पहिल्या दिवशी उमललं की अगदी जवळून बघा, मधल्या वाटीत पारदर्शक द्रव भरलेला असतो आणि भोवती पुंकेसर सरळ उभे. अंगावर दुसऱ्या फुलाचे परागकण घेऊन आलेला कीटक त्यात पडला की ते धुतले जातात आणि परागीकरण होतं. दुसऱ्या दिवशी द्रव गायब, पुंकेसर आत झुकतात आणि आता हेच फूल पराग देतं. तीन-चार दिवस रोज उघडमीट करून मग ते पाण्याखाली जातं. क्रोमाटेलाचा हा फिका पिवळा रंग लिलीच्या नव्या जाती तयार करणाऱ्या फ्रान्सच्या लातूर-मार्लियाकने १८८० च्या दशकात आणला, त्याआधी थंडी सोसणाऱ्या लिलीत रंग फार कमी होते. त्याच्या लिली १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात होत्या आणि नंतर चित्रकार मोनेनेही आपल्या तळ्यासाठी त्याच्याकडूनच घेतल्या.

डॉबेन या ट्रॉपिकलच्या जुन्या पानांवर, देठ जिथे जोडतो तिथे पिल्लं म्हणजे छोटी रोपं फुटली आहेत. मुळं दिसायला लागली की पान देठासकट तोडून छोट्या कुंडीत मातीवर टेकवणार, वर खडा ठेवणार आणि उथळ पाण्यात सोडणार. क्रोमाटेलाचे दोन तुकडे जास्तीचे आहेत, ते सध्या बादलीत पाण्यात ठेवलेत, शेंडे जिवंत आहेत, पुढच्या आठवड्यात त्यांचे टब भरते.