विभक्त झाल्यावर आलेले ३,८७६ पौंडांचे देणे

२०१८ च्या फेब्रुवारीत माझ्या इंग्लंडमधल्या स्लाऊच्या पत्त्यावर कर खात्याचे एक पाकीट आले. त्यात माझे आणि माझ्या माजी पतींचे नाव एकाच ओळीत छापलेले होते आणि खाली ३,८७६ पौंड परत करण्याची मागणी होती. पती घर सोडून गेले, त्याला तेव्हा दीड वर्ष होत आले होते.

आधी त्या पैशांविषयी सांगायला हवे. ब्रिटनमध्ये एप्रिल २००३ पासून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना टॅक्स क्रेडिट मिळत असे. नाव कराचे असले तरी प्रत्यक्षात ती थेट बँकेत जमा होणारी मदत होती. कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळाल्यावर आम्हीही तिच्यासाठी अर्ज केला. नवराबायको एकत्र राहत असतील तर अर्ज दोघांच्या नावे संयुक्तच करावा लागे, आणि जास्त दिली गेलेली रक्कम वसूल करायची वेळ आली की कायद्याने दोघेही संपूर्ण रकमेला जबाबदार धरले जात. संयुक्त अर्जावर सही करताना हे वाक्य मी वाचले नव्हते. माझे पती स्वतःचा टॅक्सीचा व्यवसाय करत, मी अर्धवेळ नोकरी करत होते, आणि घरातला कागदोपत्री व्यवहार त्यांनी आपल्याकडे ठेवला होता. ही मदत देणाऱ्या कर खात्याच्या संकेतस्थळाचा पासवर्डही त्यांच्याकडेच असे.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी ते वेगळे राहायला गेले. असा बदल एका महिन्याच्या आत कळवायचा असतो, हे मला ऐकून माहीत होते, म्हणून मी त्यांना विचारले. "मी फोन करून सांगितलं आहे, तू त्यात पडू नकोस," असे उत्तर मिळाले. पैसे पूर्वीसारखेच जमा होत राहिले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण दोन मुले, घरभाडे आणि नाताळच्या सुट्ट्या यांच्या रेट्यात मी तो विषय बाजूला ठेवला. अखेर २० जानेवारी २०१७ रोजी मी स्वतः फोन केला, तेव्हा कोणीही काहीही कळवलेले नसल्याचे समजले. संयुक्त अर्ज मागील तारखेने, म्हणजे १६ सप्टेंबरपासून बंद झाला. माझा एकटीचा अर्ज सुरू झाला, पण तो जास्तीत जास्त ३१ दिवसच मागे नेता येत होता. वेळेत न कळवल्याबद्दल ३०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकत होता, तो मात्र झाला नाही.

मागणीच्या रकमेचे दोन भाग होते, हे समजून घ्यायलाच मला आठवडा लागला. पहिला भाग १७ सप्टेंबर ते २० जानेवारी या १२६ दिवसांचा, २,४०२ पौंडांचा. दुसरा १,४७४ पौंडांचा, आणि तो आम्ही एकत्र राहत होतो त्या महिन्यांसाठीचा होता. या दुसऱ्या भागाने मला अधिक चक्रावून टाकले. जोडपे वर्षाच्या मध्येच वेगळे झाले तरी हिशेबात दोघांचेही त्या संपूर्ण करवर्षाचे (६ एप्रिल ते ५ एप्रिल) उत्पन्न धरले जाई आणि मग ते एकत्र राहिलेल्या दिवसांच्या प्रमाणात विभागले जाई. स्वतंत्र व्यावसायिकाला जुलैअखेर अंदाज देऊन पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत अंतिम आकडा देण्याची मुभा होती. माझ्या माजी पतींनी अंदाज कमी दिला होता आणि प्रत्यक्ष उत्पन्न, त्यातही आम्हाला सोडून गेल्यानंतरचे, बरेच जास्त निघाले. आमचे मिळून उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा १०,५०० पौंडांनी वाढले होते. त्यातली २,५०० पौंडांची वाढ दुर्लक्षिली जात असे, उरलेल्या ८,००० वर ४१ टक्क्यांनी कपात, आणि तिचा ३६५ पैकी एकत्र राहिलेल्या १६४ दिवसांचा वाटा म्हणजे हे १,४७४ पौंड. ज्या कमाईतला एक पैसाही माझ्या घरात आला नाही, तिच्यामुळे मी कर्जबाजारी झाले होते, पण हिशेब नियमाप्रमाणे बरोबर होता.

मी पहिली चूक केली ती रागाच्या भरात. निर्णयाच्या फेरविचाराची मुदत ३० दिवसांची असल्याचे पत्राच्या मागच्या बाजूस वाचून मी चार पानी अर्ज पाठवला. त्यात माजी पतींनी मला कसे फसवले याचे सविस्तर वर्णन होते. उत्तर आले की रकमेत चूक नाही. फेरविचारात रक्कम बरोबर आहे की नाही, एवढेच पाहिले जाई. रक्कम बरोबर आहे पण ती माझ्याकडून वसूल करू नये, असे म्हणायचे असेल तर टीसी ८४६ नावाचा वेगळा फॉर्म होता, त्याची मुदत तीन महिन्यांची होती, आणि त्याच्या निकालावर न्यायाधिकरणात अपील करता येत नसे. मी तोही भरला. तिथे कसोटी अशी होती की खात्याने आपले काम नीट केले का आणि मी माझे केले का. नवरा खोटे बोलला, या वाक्याला त्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती. शिवाय हा तंटा चालू असताना वसुलीही थांबत नसे.

माजी पतींनी खरोखरच फोन केला असेल आणि खात्याने नोंद केली नसेल, ही आशा मी तेव्हा धरून होते. जून २०१८ मध्ये मी माझ्या नावावरील सर्व नोंदींची प्रत मागितली. नवा माहिती-संरक्षण कायदा नुकताच लागू झाल्याने त्यासाठी शुल्क पडले नाही. महिनाभराने जाडजूड गठ्ठा आला. सप्टेंबर २०१६ ते २० जानेवारी २०१७ या काळात एकही फोन नोंदलेला नव्हता. त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला नाही, मुलांना टोस्ट दिले.

मार्ग दाखवला तो महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ओळख झालेल्या एका काकूंनी. निवृत्तीनंतर त्या एका सल्ला केंद्रात विनामूल्य काम करत. त्यांनी माझा गठ्ठा चाळला आणि म्हणाल्या, "अगं, तू खात्याला त्यांची चूक दाखवते आहेस. चूक त्यांची नाहीच. तू एवढंच विचार, की मी वेळेवर एकटी म्हणून अर्ज केला असता, तर मला किती मिळालं असतं?" जानेवारी २०१० पासून अशी सवलत होती. जोडपे वेगळे झाल्याचे उशिरा कळवले गेले, तर संयुक्त अर्जावर जास्त दिलेल्या रकमेतून एकटीच्या अर्जावर मिळू शकली असती ती रक्कम वजा करता येत असे. हा हक्क नव्हता, मागावी लागणारी सवलत होती, आणि मला आलेल्या मागणीपत्रात तिचा उल्लेख नव्हता.

या वेळचे पत्र एका पानाचे लिहिले. सोबत घरभाड्याचा माझ्या एकटीच्या नावाचा करार, कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे तिथल्या घरपट्टीत, एकट्या प्रौढ व्यक्तीला मिळणाऱ्या २५ टक्के सवलतीचे पत्र आणि माझ्या पगाराच्या पावत्या जोडल्या. एकटी पालक म्हणून मला रोज सुमारे २७ पौंड मिळाले असते. संयुक्त अर्जावर रोज १९ मिळत होते. म्हणजे फसवणुकीच्या त्या महिन्यांत सरकारचे नुकसान झालेच नव्हते, उलट मला कमी मिळाले होते! तो फरक मात्र मला मिळणार नव्हता.

अकरा आठवड्यांनी उत्तर आले. १२६ पैकी ९५ दिवसांचे, म्हणजे १,८११ पौंडांचे देणे रद्द झाले. उरलेल्या ३१ दिवसांचे ५९१ पौंड तसेच राहिले, कारण मागे नेलेल्या माझ्या अर्जावर त्या दिवसांचे पैसे मला आधीच मिळाले होते, आणि हे मला मान्य करावेच लागले. उत्पन्नवाढीचे १,४७४ पौंडही तसेच राहिले. एकूण २,०६५. आमच्यात वाटणीबाबत एकमत होणे शक्य नसल्याचे मी लेखी कळवले, तेव्हा निम्मी रक्कम प्रत्येकाकडून मागितली गेली. आपला निम्मा वाटा भरल्यावर दुसऱ्याचा मागितला जात नाही, हेही मी लेखी घेतले. माझे १,०३२ पौंड ५० पेन्स मी दरमहा ४३ पौंडांप्रमाणे फेडायचे ठरवले. बारा महिन्यांत फेडा, असे खात्याचे पहिले म्हणणे होते. उत्पन्न आणि खर्चाचा तक्ता दिल्यावर चोवीस महिने मिळाले.

टॅक्स क्रेडिट ५ एप्रिल २०२५ रोजी कायमचे बंद झाले, तरी जुनी देणी संपलेली नाहीत. तिच्या जागी आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिट या मदतीवर गेलेल्यांची ती त्या मदतीतून वळती होतात आणि एप्रिल २०२५ पासून अशा कपातीची सर्वसाधारण मर्यादा तिच्यातल्या मूळ भत्त्याच्या २५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली आहे.

शेवटचा हप्ता भरल्यावर माझा वाटा पूर्ण झाल्याचे पत्र आले, त्यावर फक्त माझे नाव होते. माजी पतींनी त्यांचा वाटा भरला का, असे मी फोनवर विचारले. दुसऱ्या व्यक्तीची माहिती देता येत नाही, असे पलीकडच्या मुलीने सौम्यपणे सांगितले.