रिलायन्स बिल्डिंग, १:१०० : सांगाडा उतरवून पुन्हा उभा

नाव वाचून गोंधळू नका, ही आपली रिलायन्स नव्हे. शिकागोत स्टेट आणि वॉशिंग्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची, १८९५ सालची ऑफिसांची इमारत. गगनचुंबी इमारतींत पहिलेपणाचा मान बहुतेक जण तिथल्याच होम इन्शुरन्स बिल्डिंगला (१८८५) देतात, पण ती १९३१ मध्येच पाडली. ही अजून उभी आहे, आता हॉटेल म्हणून.

तिचं शंभरपट लहान मॉडेल मी बनवतोय. मागच्या महिन्यात त्याचे सहा मजले झाले होते. सातवा चढवला आणि सगळा डोलारा डावीकडे कलला. बोटाने सरळ करावा, की परत कललाच. चूक माझीच. सोयीसाठी सगळे खांब दर दोन मजल्यांनी एकाच पातळीत जोडले होते. चौथ्या मजल्यावर सांधे एका ओळीत आले आणि तिथे बिजागरी तयार झाली.

इंजिनिअर एडवर्ड शँकलंडने नेमकं हेच टाळलं होतं. त्याचेही खांब दोन-दोन मजले उंच, पण एकाचा सांधा या मजल्यावर, तर शेजारच्याचा पुढच्या. वाऱ्यासाठी तिरपे टेकू न देता खांबाखांबांत २४ इंच उंचीचे प्लेट गर्डर (पोलादी पत्र्यांच्या आडव्या तुळया) घातले, त्यामुळे खिडक्या मोकळ्या राहिल्या. माझ्या स्केलला ते सहा मिलिमीटर. मी तीनच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, ‘आतलं कोणाला दिसतंय’ म्हणून!

सगळं सोलून, सांधे आलटून पालटून, आठ मजले उभे करायला तीन आठवडे गेले. तिकडे खऱ्या इमारतीच्या वरच्या दहा मजल्यांचं पोलाद पंधरा दिवसांत चढलं होतं. मात्र त्याआधीची रखडपट्टी ऐका. जागेवरच्या जुन्या इमारतीतले वरचे भाडेकरू करार संपेपर्यंत हलणार नव्हते. म्हणून मालक विल्यम हेलने १८९० मध्ये ते मजले जॅकवर तोलून धरले आणि खाली नवा पाया नि तळमजला बांधून घेतला. त्याचा आर्किटेक्ट जॉन रूट १८९१ मध्ये वारला. वरचं डिझाइन चार्ल्स अ‍ॅटवुडचं.

बाहेरचा टेराकोटा (भाजलेल्या मातीचं आवरण) पांढरा, चकचकीत. पावसाने आपोआप धुऊन निघेल ही आशा शिकागोच्या कोळशाच्या धुरासमोर टिकली नाही. मी आयव्हरी कार्डवर क्लिअर नेलपॉलिशचे दोन हात देऊन बघतोय. पहिला तुकडा पिवळट आला, दुसरा वाळतोय.