किचनच्या शटरला कोणतं लाकूड घ्यावं

वखारीत पाय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यातलं सगळ्यात कडक कुठलं?" किचनच्या शटरसाठी, म्हणजे तिथल्या कपाटांच्या दारांसाठी, हा प्रश्न चुकीचा आहे. उभ्या शटरवर कुणी चालत नाही, नारळही फोडत नाही. शटर बाद होतं ते फुगून, आखडून किंवा पीळ पडून. त्यामुळे विचारायचं ते असं: हे लाकूड हवेप्रमाणे किती हलतं (म्हणजे फुगतं-आखडतं), पुरेसं सुकलंय का आणि त्यात गाभा, म्हणजे मधला गडद भाग, किती आहे?

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. आतला सांगाडा लाकडाचा करायच्या भानगडीत पडू नका. त्याला आयएस 710 दर्जाचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या. सिंकखाली तर दुसरा विचारच नको. लाकूड लागतं फक्त शटर आणि ड्रॉवरच्या दर्शनी भागाला.

हालचालीचं गणित सोपं आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. साडेतेरा इंच रुंद सागवानी पॅनेल (शटरच्या चौकटीत मध्ये बसणारी फळी) घ्या, चपट्या कापाचं, म्हणजे ज्यावर डोंगरासारख्या कमानी दिसतात ते. ओल 4 टक्क्यांनी बदलली तर ते साधारण अडीच मिलिमीटर हलतं. तेच उभ्या, सरळ रेषांच्या कापाचं असेल तर दीड मिलिमीटरच्या आत. बीच नावाचं परदेशी लाकूड मात्र सागाच्या दुप्पट हलतं. गोरंगोमटं, गुळगुळीत आणि स्वस्त म्हणून बीच घेऊन कोकणातल्या घरात शटर लावणाऱ्यांना जुलैत दारं का अडकतात, याचं उत्तर इथेच आहे. पावसाळ्यात किनारपट्टीवर घरातल्या लाकडाची ओल 16-17 टक्क्यांपर्यंत चढते. विदर्भात मे महिन्यात 6-7 पर्यंत उतरते.

म्हणून साग. कौतुक त्याच्या नावाचं नाही, कमी हलण्याचं आणि अंगच्या तेलाचं. पण नावावर विकलं जाणारं सगळं सारखं नसतं. म्यानमारने 2014 मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, तरी 'बर्मा' म्हणून माल दाखवणारे भेटतातच. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून येणारा साग बहुधा लागवडीचा, कमी वयाचा असतो. त्यात कडेचा पांढरा भाग जास्त निघतो. या पांढऱ्या भागाला वाळवी आणि भुंगेरा दोन्ही लागतात, मग नाव सागाचं असो नाहीतर आणखी कशाचं. पॉलिशवाला रंग मारून तो झाकून टाकतो, तेव्हा फळी रंधा मारल्यावर, पॉलिशच्या आधी बघा. चंद्रपूर-गडचिरोलीचा, बल्लारशाच्या डेपोतून आलेला साग मिळत असेल तर भाव जास्त देऊनही घ्यावा.

साग परवडत नसेल तर शिवण. हलकं, फिकट आणि कमी हलणारं. फक्त मऊ असल्यामुळे नखाचे-भांड्यांचे ठसे पडतात. फणस चांगला, पिवळा रंग पुढे तपकिरी होतो, म्हणून सगळी शटरं एकाच लॉटची हवीत. बिबळा टिकाऊ, पण पाण्यात रंग सोडतो (बिबळ्याच्या पेल्यातलं पाणी आठवा), सिंकजवळ नको. ऐन भरपूर मजबूत, पण सुकताना तडकतो आणि हत्यारं बोथट करतो. तो खोलीच्या दाराच्या चौकटीला ठेवा. आंब्याच्या वाटेला जाऊ नका.

सुकलंय की नाही हे दुकानदाराच्या तोंडी ऐकून ठरवू नये. मीटर नसेल तर फळीच्या टोकापासून हातभर आतला छोटा तुकडा कापा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा, ओव्हनमध्ये 103 अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. 112 ग्रॅमचा तुकडा 100 वर आला तर ओल 12 टक्के. पुण्यासाठी 10-12 चालेल, किनाऱ्याला 12-14. टोकाचाच तुकडा घेतलात तर आकडा फसवा येतो, कारण टोक आधी सुकतं. फळ्या घरी आल्यावर मध्ये पट्ट्या टाकून दोन-तीन आठवडे रचून ठेवा.

आता माप. 30 बाय 18 इंचाचं एक शटर: चौकटीच्या अडीच इंची पट्ट्या, 1 इंच कच्ची जाडी, पॅनेल पाऊण इंच. हिशोब साधारण 0.28 घनफूट. अशी 14 शटरं म्हणजे 3.9, गाठी, पांढरा भाग आणि रंध्यात जाणारं धरून साडेपाच घनफूट मागवा. पट्टी अडीच इंचाहून बारीक करू नका. बिजागरीचं भोक 35 मिलिमीटरचं, कडेपासून 4-5 सोडून पडतं आणि आतल्या बाजूला पॅनेलची खाच 10 मिलिमीटर खाते. दीड-पावणेदोन इंची पट्टीत भोक थेट खाचेत घुसतं.

पॅनेलला डिंक लावायचा नाही, कधीच नाही. लावलात तर एक तर पॅनेल फाटेल नाहीतर चौकटीचे सांधे उघडतील. शटर मे महिन्यात बनत असेल तर खाचेत दोन्ही बाजूंना 3 मिलिमीटर मोकळे सोडा. पावसाळ्यात पॅनेल फुगलेलंच असतं, तेव्हा 1 पुरे. सांध्यांना मात्र डिंक हवा, आणि साग तेलकट असल्यामुळे डिंक लावण्याआधी कुसू (पट्टीचं सांध्यात घुसणारं टोक) थिनरने पुसून लगेच जोडायचं. उशीर केला की तेल पुन्हा वर येतं.

पॅनेलला पॉलिशचा पहिला हात चौकटीत बसवण्याआधी द्या. नाहीतर उन्हाळ्यात ते आखडलं की कडेला कोऱ्या लाकडाची रेघ दिसते, आणि ती नंतर ब्रशने नीट झाकता येत नाही. दोन्ही बाजूंना सारखेच हात पाहिजेत. मागची बाजू "कोण बघतंय" म्हणून एका हातावर सोडली की शटर पुढे वाकतं. सिंकखालच्या शटरची खालची कड बसवण्याआधी उलटी धरून दोनदा सील करा. फरशी पुसताना पहिलं पाणी तिथेच लागतं.