शेवटचं पान आधी

'संशोधन पद्धती' या विषयाचा अभ्यासक्रम नव्याने लिहायचं काम या वर्षी माझ्याकडे आलं. मी व्यवस्थापनशास्त्र शिकवते, हा विषय नऊ वर्षांपासून शिकवते आहे. त्यामुळे जुनी फाईल उघडावी, दोन घटक अद्ययावत करावेत, संदर्भग्रंथांची यादी ताजी करावी आणि सभेपुढे ठेवावी असाच विचार होता. तेवढ्यात शेवटच्या वर्षाचे प्रकल्प अहवाल तपासायला आले. चौसष्ट अहवाल. पहिल्या वीसपैकी सतरांची सुरुवात जवळजवळ एकाच वाक्याने होती : 'आजच्या स्पर्धेच्या युगात मनुष्यबळ हे कोणत्याही संस्थेसाठी अत्यंत महत्त्वाचे आहे.'

या सगळ्या मुलांना मी शिकवलं होतं. गृहीतक म्हणजे काय, नमुना निवड किती प्रकारची, हे त्यांना येत होतं. परीक्षेत त्यांनी ते लिहिलंही होतं. पण आपल्याला नेमका कोणता प्रश्न पडला आहे, हे एका पानात मांडायची वेळ आली की हात थबकत होते. मग मी माझाच अभ्यासक्रम काढून बसले. त्यात लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांना संशोधन प्रक्रिया समजेल.' आणि प्रश्नपत्रिकेत होतं, 'टीप लिहा : नमुना निवड.' म्हणजे मुलांनी मी मागितलं तेच दिलं होतं. प्रश्न मांडायला मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

'समजेल' हे क्रियापद तेव्हापासून मला खुपतं. समजलं की नाही, ते दिसणार कशात? शिक्षणमानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांची वर्गवारी केली तेव्हा तिच्या पायऱ्या नामांत होत्या. 2001 मधल्या सुधारित मांडणीत त्या क्रियापदांत आल्या आणि सर्वांत वरची पायरी 'निर्माण करणे' झाली. वरवर हा व्याकरणातला फरक वाटतो, पण मला तो फार मोलाचा वाटतो, कारण क्रियापद आलं की कर्ता विद्यार्थी होतो. शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी 1996 मध्ये 'रचनात्मक सुसंगती'ची कल्पना मांडली, तिचं मर्मही हेच : विद्यार्थ्याने शेवटी जे करून दाखवायचं, तेच वर्गात करून घ्यायचं आणि तेच तपासायचं. उद्दिष्ट एक, शिकवणं दुसरं आणि परीक्षा तिसऱ्याच गोष्टीची, असं झालं की मुलं परीक्षेच्या मागे जातात. त्यात त्यांची चूक नाही.

म्हणून या वेळी शेवटचं पान आधी लिहिलं. वर्षाच्या अखेरीस मुलाच्या हातात काय हवं? बारा पानी अहवाल. त्यात एक खरा प्रश्न, तो का विचारावा याचं कारण, थोडी पण नीट गोळा केलेली माहिती आणि त्या माहितीला झेपेल एवढाच निष्कर्ष. हे ठरल्यावर प्रत्येक घटकाला एकच विचारायचं : या अहवालात तू कुठे उपयोगी पडणार? दोन घटकांकडे उत्तर नव्हतं. त्यातला एक माझा अत्यंत आवडता, 'फॅक्टर अ‍ॅनालिसिस'चा, म्हणजे पुष्कळ उत्तरांमागची मोजकी समान कारणं शोधायच्या संख्याशास्त्रीय पद्धतीचा. तो काढताना जीवावर आलं, खरं सांगते.

मग तासांचा हिशेब. श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे फळ्यासमोरचे तास, अशी आपली सवय. युरोपीय श्रेयांक पद्धतीत वर्गापासून घरच्या वाचनापर्यंत विद्यार्थ्याचे सगळे श्रम धरतात : वर्षाला 60 श्रेयांक, म्हणजे 1500 ते 1800 तास, एका श्रेयांकाला 25 ते 30. त्या मापाने आमचा विषय 6 श्रेयांकांचा धरला, तर 150 ते 180 तास होतात. जुन्या यादीत 620 पानांचं वाचन होतं. वर्गात एक शोधलेख वाचायला दिला आणि घड्याळ लावलं. 40 मिनिटांत बहुतेक जण सहाव्या पानावर पोहोचले; म्हणजे तासाला 9 पानं. 620 पानांना 69 तास लागतात. वर्गाचे 48, स्वाध्याय आणि चाचण्यांचे 40, अहवालाचे किमान 60. बेरीज 217. जो वेळ मुलांकडे नव्हताच तो आम्ही मागत होतो, आणि मग 'मुलं वाचत नाहीत' म्हणत होतो. वाचन 240 पानांवर आणलं तेव्हा कुठे बेरीज 175 झाली.

सभेत यावर बरीच चर्चा झाली. आमच्या एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "कमी शिकवलं तर दर्जा खाली जाणार नाही का?" त्यांची काळजी खरी होती, त्यांनी हा विषय माझ्या आधी अनेक वर्षं शिकवला आहे. मी त्यांना त्या सतरा अहवालांची पहिली पानं वाचायला दिली. सर बराच वेळ वाचत होते. नंतर म्हणाले, "लिखाणाला किती तास दिलेत?"

लिखाणावर सगळ्यांत जास्त भर दिला, आणि त्याबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे. शैक्षणिक लेखन म्हणजे संदर्भ कसे द्यायचे याचे दोन तास, एवढंच आपण ते समजत आलो. भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी शोधलेखांच्या प्रस्तावना तपासून त्यांतल्या तीन चाली दाखवल्या : आधी क्षेत्र उभं करायचं, मग त्यातली रिकामी जागा दाखवायची, मग त्या जागेत आपण काय करणार ते सांगायचं. स्पर्धेच्या युगावरचं ते वाक्य पहिल्याच चालीत अडकून पडतं.

एका विद्यार्थिनीचा विषय होता कर्मचारी गळती. पहिला मसुदा नेहमीसारखाच. पूर्वी मी समासात 'विस्तार हवा', 'भाषा सुधारा' असं लिहिलं असतं. त्याने कुणाचं काही सुधारलेलं मी पाहिलेलं नाही. या वेळी एकच प्रश्न लिहिला : तू वाचलेल्या लेखांनी नेमकं कुणाला विचारलेलंच नाही? ती दोन दिवसांनी आली. "मॅडम, मी अकरा लेख वाचले. सगळ्यांनी सोडून गेलेल्यांनाच विचारलंय. सोडायचं ठरवून जे थांबले, त्यांना कुणी विचारलंच नाही." मी म्हटलं, "हेच वाक्य लिही, जसं आत्ता बोललीस तसं." तिच्या दुसऱ्या मसुद्याचा पहिला परिच्छेद पाच ओळींचा होता आणि त्यात स्पर्धेचं युग नव्हतं. पुढची प्रश्नावली तिने एका संध्याकाळी तयार केली. कुणाला काय विचारायचं, हे आता तिला ठाऊक होतं.

नव्या अभ्यासक्रमात प्रत्येकाने तीन मसुदे लिहायचे आहेत. तीन मसुदे म्हणजे वाचणाऱ्याचाही वेळ. चौसष्ट जणांचं पहिलं पान, प्रत्येकी 8 मिनिटं धरली तरी एका मसुद्याला साडेआठ तास होतात. हे तास कुणाच्या तरी रात्रीतून जाऊ नयेत म्हणून ते कार्यभारात लिहून मागितले. अभ्यासक्रम कितीही चांगला असला तरी वेळापत्रकात त्याला जागा नसेल, तर तो कागदावरच राहतो. विभागप्रमुखांनी निम्मे तास मान्य केले आहेत. उरलेल्यांसाठी पुढच्या सभेत पुन्हा मागणी ठेवणार आहे.

प्रस्तावाच्या नमुन्यात एक रकानाही वाढवून घेतला आहे. 'नवीन घटक' या रकान्याशेजारी आता 'त्यासाठी काय काढणार' असं विचारलेलं असतं. परवा त्याच ज्येष्ठ सरांनी एका नव्या घटकाचा प्रस्ताव पाठवला. दुसरा रकाना त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात भरला होता, आणि सोबत घटक संपल्यावर विद्यार्थ्याने लिहायच्या पानाचा नमुना जोडला होता.