व्यक्ती की नागरिक?

भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. परवा तिच्या वहीत राज्यघटनेतल्या संज्ञांची यादी बघितली, मूलभूत हक्क, न्यायालयीन पुनर्विलोकन, मूलभूत संरचना, हेबियस कॉर्पस, प्रत्येकाला एकेक ओळ, घोकायला एकदम सोयीचं. मी सहज विचारलं, कलम 19 कोणाला लागू? म्हणे सगळ्यांना. आणि 21? "तेही सगळ्यांना, मामा, काहीही विचारतोस."

मग काढलं पुस्तक. 19 मधे शब्द आहे नागरिक, म्हणजे बोलण्याचं, सभा घेण्याचं, देशभर फिरण्याचं स्वातंत्र्य भारतीयांचं. 21 मधे मात्र शब्द आहे व्यक्ती, त्यामुळे उद्या कोणी परदेशी पर्यटक इथे पकडला गेला तरी त्याचं जीवित आणि स्वातंत्र्य कायद्याशिवाय हिरावून घेता येत नाही. कायद्यापुढची समानता, कलम 14, तिथेही व्यक्तीच. एका शब्दावर केवढं काय अवलंबून आहे आणि गाइडवाले दोन्हीकडे बिनधास्त 'नागरिकांचे हक्क' छापतात.

दुसरा घोटाळा 'राज्य' या शब्दाचा, हा मराठीत जास्तच होतो. "राज्य भेदभाव करणार नाही" वाचलं की आपल्या डोक्यात महाराष्ट्र, गुजरात येतं. पण मूलभूत हक्कांच्या भागात, कलम 12 प्रमाणे, राज्यात केंद्र सरकार आलं, संसद आली, विधिमंडळं आली, अगदी नगरपालिका आणि जिल्हा परिषदसुद्धा आली. थोडक्यात ज्याच्या हातात सत्ता तो, आणि हे हक्क मुख्यतः त्यालाच वेसण घालायला आहेत. मुख्यतः म्हणतोय कारण अस्पृश्यतेवरची बंदी, कलम 17, तुम्हाआम्हाला थेट लागू होते.

आता माझं आवडतं. 21 मधे म्हटलंय की कायद्याने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाचं जीवित किंवा स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही. वाचायला निरुपद्रवी वाटतं ना? 1950 साली ए. के. गोपालन यांच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ असा लावला की विधिमंडळाने कायदा केलाय, त्यातली पद्धत पाळलीय, बस, ती पद्धत न्याय्य आहे की नाही ते कोर्ट बघणार नाही. मग 1977 मधे मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारने ताब्यात घेतला, कारण सांगायलाही नकार दिला, आणि 1978 च्या निकालात तेच कोर्ट म्हणालं की पद्धत न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे, मनमानी चालणार नाही. कलमातला एक काना-मात्रा बदलला नव्हता.

या दोन्हीच्या मधे आणीबाणी. 1976 साली चार विरुद्ध एक अशा बहुमताने कोर्टाने सांगितलं की आणीबाणीत कलम 21 ची अंमलबजावणी स्थगित असताना, अटकेतल्या माणसाला हेबियस कॉर्पस मागताच येणार नाही. हेबियस कॉर्पस म्हणजे साध्या भाषेत, पकडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा आणि कोणत्या कायद्याने धरलंय ते सांगा. नको त्या वेळी नेमका तोच दरवाजा बंद! विरोधात गेले ते एकटे न्या. एच. आर. खन्ना, आणि 1977 मधे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. पुढे 44 व्या घटनादुरुस्तीने ठरलं की आणीबाणीतही 20 आणि 21 या कलमांना हात लावता येणार नाही. वहीत या सगळ्याची ओळ होती 'बंदीला कोर्टात हजर करण्याचा आदेश'.

रात्री अकराला भाचीचा फोन. "मामा, 15 आणि 16 नागरिक आहेत, 20 व्यक्ती, 25 व्यक्ती, 29 परत नागरिक. आणि 30 मधे दोन्ही नाहीत, नुसतं अल्पसंख्याक म्हटलंय."

30 चं माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं. उठून पुस्तक उघडलं, खरंच होतं.