साहेब मला केसेस देत नाहीत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "त्या रिटायर्ड क्राइम ब्रँचवाल्या साहेबांशी तुमची एवढी मैत्री, मग खऱ्या केसेस तेच पुरवत असतील ना?" हे मला सतत कुणी ना कुणी विचारतं. कथेतला अमुक खून खरा होता का, हा पुढचा प्रश्न तयारच असतो.

नाही. एकाही कथेचं बीज मला त्यांच्याकडून मिळालेलं नाही.

त्यांची बहुतेक नोकरी खुनांच्या तपासात गेली. मी एका कथेपुरती शंका विचारायला गेले होते. शंका पाच मिनिटांत मिटली, गप्पा मात्र अजून चालूच आहेत. मी त्यांना साहेब म्हणते, ते मला ताई. खात्यातल्या माणसाच्या तोंडात 'ताई' पटकन बसतं. बोलतो ते बहुतेक गुडघेदुखीबद्दल, बदल्यांच्या काळात मुलांच्या शाळांचे झालेले हाल आणि कुठला वरिष्ठ कसा होता याबद्दल. तपासाचं काही निघालंच तर नाव, गाव, साल सगळं गाळून. एकदा मी जरा जास्तच खोदलं, तर म्हणाले, "त्या घरात अजून माणसं राहतात, ताई." विषय तिथेच संपला.

शिवाय लोकांना हवं असलेलं रहस्य तिथे फारसं नसतंच. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 2022 च्या अहवालात देशभरात खुनाचे 28,522 गुन्हे नोंदलेले आहेत. त्यांत सर्वांत मोठा गट वादातून झालेल्या खुनांचा, 9,962. वैयक्तिक वैमनस्यातून 3,761, आणि फायद्यासाठी केलेले 1,884. म्हणजे थंड डोक्याने आखलेला, विम्यासाठी किंवा वारशासाठी केलेला कथेतला लाडका खून एकूण खुनांत फार थोडा. साहेब म्हणतात, कुणी केलं ते पुष्कळदा संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं. ते कोर्टात टिकवण्यात वर्षं जातात.

मला त्यांच्याकडून मिळते ती पेन्सिल. माझा खर्डा ते पेन्सिलने वाचतात आणि समासात बारीक अक्षरात लिहितात: "कुणी पाहिलं?" "पंच कोण?" "दिवा होता का?" डॉक्टरांच्या तोंडी 'मृत्यू सव्वादहाला झाला' असं वाक्य दिसलं की त्यावर सरळ रेघ. शवविच्छेदन करणारा डॉक्टर इतकी नेमकी वेळ सांगत नाही, अमुक ते अमुक तासांच्या दरम्यान एवढंच म्हणतो. प्रेत ताठरणं हवेवर अवलंबून. उन्हाळ्यात ते लवकर ताठरतं आणि लवकर सैलही पडतं. माझ्या एका पात्राने रात्री खिडकीतून खुन्याचा चेहरा ओळखला होता. साहेबांनी मला तेवढ्याच अंतरावर रात्री उभं केलं आणि समोरून चालत गेलेल्या माणसाच्या शर्टाचा रंग विचारला. मला शर्ट होता एवढंच सांगता आलं.

कबुलीजबाबावरून ते सर्वांत जास्त चिडतात. आम्ही लिहिणारे काय करतो, तर आरोपी पोलीस ठाण्यात हमसून हमसून कबूल करतो आणि कथा संपते. "इथे तर आमचं काम सुरू होतं," असं ते म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे कलम 25 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग चालतो. जुन्या कलम 27 चा अर्थ लावताना प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, सुरीचं उदाहरण दिलं होतं. 'माझ्या घराच्या छपरात लपवलेली सुरी काढून देतो' हे घेता येतं, 'जिने मी अमक्याला भोसकलं' हे नाही. म्हणजे वाक्य मधोमध कापायचं. साहेबांनी अशी कापलेली वाक्यं आयुष्यभर लिहून घेतली, दोन पंचांसमोर. त्यातला एखादा पंच पुढे साक्षीत फुटला, की सगळं पुन्हा हवेत.

हे ऐकल्यापासून माझ्या कथांतले आरोपी फारसे रडत नाहीत.

एका बाबतीत मात्र आमचं कधीच जमलेलं नाही. 'का केलं' हा प्रश्न माझ्या दृष्टीने कथेचा जीव, आणि ते नेमका तोच भाग खोडतात. नजरेने पाहिलेला भरवशाचा साक्षीदार असेल तर हेतू सिद्ध झाला नाही तरी शिक्षा होऊ शकते, असं त्यांचं म्हणणं. केस परिस्थितीजन्य पुराव्यावर उभी असेल तर हेतूला वजन येतं हे तेही मानतात. सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात घालून दिलेल्या पाच कसोट्या, ज्यांना 'पंचशील' म्हणतात, त्यांना पाठ आहेत. पण माणसाच्या मनात काय होतं हे आपल्याला कळलं असं कुणी म्हणालं, की त्यांच्या कपाळाला आठी पडते. "ताई, हे तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणते, मी लेखिका आहे, मला कळू शकतं. यावर त्यांचं उत्तर म्हणजे आणखी एक रेघ. ती रेघ मी खोडरबराने पुसते आणि परिच्छेद ठेवते. माझं चुकतंय असं मला अजूनही वाटत नाही. फक्त आता तो परिच्छेद लहान असतो.

नवीन लिहिणारी मुलं कधी कधी सरळ त्यांचा नंबरच मागतात. तो मी देत नाही. त्यांना सत्र न्यायालयात जाऊन बसायला सांगते. खुनाचे खटले तिथेच चालतात आणि सुनावणी सहसा सर्वांना खुली असते. मागच्या बाकावर बसा, फोन बंद ठेवा आणि एखाद्या पंचाची उलटतपासणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. पहिल्या दिवशी बहुधा तारीखच पडेल. दुसऱ्या दिवशी परत जा.